बाटली बदलली, माप तेच राहिले

भांडुपहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा गाभा त्यांच्याच शब्दांत देतो.

‘माझा मुलगा दोन वर्षे चार महिन्यांचा असून त्याचे वजन ११ किलो आहे. जुलैतल्या एका संध्याकाळी मी फोर्टमधल्या नोकरीवरून साडेआठच्या सुमारास घरी पोहोचले, तेव्हा तो तापाने फणफणला होता. सासूबाईंनी साडेसात वाजता घरातल्या बाटलीतून टोपणाच्या मापाने ५ मिली औषध दिले होते. पण माझ्या येण्याच्या गडबडीत ते मला सांगायचे राहून गेले. यजमानांनी स्टेशनजवळच्या मेडिकलमधून नवी बाटली आणली आणि सव्वानऊ वाजता मी तिच्यातून ५ मिली दिले. नाक चोंदले होते म्हणून दहा वाजता कपाटातल्या गेल्या वर्षीच्या सर्दीच्या औषधाचेही ५ मिली दिले. रात्री दीड वाजता ताप पुन्हा १०२ वर गेला, तेव्हा नव्या बाटलीतून आणखी ५ मिली. सकाळी लेबले वाचली तेव्हा हातपाय गळाले. तापावरचे पॅरासिटामॉल जुन्या बाटलीत दर ५ मिलीला १२० मिलिग्रॅम, नव्या बाटलीत २५० आणि सर्दीच्या औषधातही तेच, १२५! तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आता पंधरा दिवस झाले, तो खेळतो, जेवतो. तरी माझ्या मनातून ते जात नाही. त्याच्या यकृताला काही झाले असेल का? रक्त तपासून घ्यावे का? शेजारच्या वहिनी म्हणतात की दोन प्रकारची औषधे आलटून-पालटून द्यावीत. सासूबाई म्हणतात की ताप लगेच उतरवला नाही तर तो डोक्यात जातो आणि आकडी येते. आणि त्यांनी न सांगता औषध दिले, हे त्यांना कसे समजवावे?’

सर्वप्रथम तुमच्या मनावरचा दगड उतरवतो. तुमच्या मुलाला त्या रात्री मापापेक्षा जास्त औषध गेले हे खरे आहे. पण त्याच्या यकृताला इजा व्हावी इतके ते नव्हते, आणि पंधरा दिवसांनंतर केवळ या कारणासाठी रक्त तपासण्याची गरज नाही. पॅरासिटामॉलमुळे यकृताला खरोखर इजा झाली असती, तर ती पहिल्या तीन-चार दिवसांतच उलट्या, पोटदुखी, सुस्ती किंवा कावीळ अशा रूपाने दिसून आली असती. आज जो मुलगा पोटभर जेवतो आणि खेळतो, त्याच्या हाताला त्यासाठी सुई टोचू नये.

हे मी तुमचे समाधान व्हावे म्हणून म्हणत नाही, तर तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच म्हणतो आहे. लहान मुलाला पॅरासिटामॉलचा एक डोस वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम इतका द्यायचा असतो, दोन डोसांत किमान चार आणि शक्यतो सहा तासांचे अंतर ठेवायचे असते, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस, म्हणजे दर किलोमागे ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायचे नसते. ११ किलोच्या मुलासाठी हा हिशेब एका वेळेला ११० ते १६५ मिलिग्रॅम आणि दिवसभरात ६६० मिलिग्रॅम असा होतो. त्या रात्री त्याला १२०, २५०, १२५ आणि पुन्हा २५० असे एकूण ७४५ मिलिग्रॅम मिळाले. म्हणजे पूर्ण दिवसाची मर्यादा सहा तासांतच ओलांडली गेली. परंतु डॉक्टर ज्या पातळीपासून विषबाधेची शंका घेऊ लागतात ती साधारणपणे दर किलोमागे १५० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलासाठी १,६५० मिलिग्रॅम आहे. तुम्ही त्याच्या निम्म्याच्याही आतच होतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. त्या रात्रीच्या चार डोसांपैकी मापातही आणि वेळेतही बसणारा डोस एकच होता, आणि तो सासूबाईंनी दिलेला होता. १२० मिलिग्रॅम म्हणजे दर किलोमागे जवळजवळ ११. तुम्ही नव्या बाटलीतून दिलेले प्रत्येकी ५ मिली हे दर किलोमागे २३ च्या आसपास जातात. हे तुम्हाला लागावे म्हणून लिहीत नाही. दिवसभर काम करून, गाडीच्या गर्दीतून घरी आलेल्या आईच्या हातून हे सहज होते. फक्त समजावणीचा विषय निघालाच आहे, तर तो कोणत्या दिशेने जायला हवा हे आधी ठरवलेले बरे.

चूक नेमकी कुठे झाली? आपल्याकडे तापाच्या औषधाविषयी विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती चमचे?’ हा असतो. माझ्या दवाखान्यात फोन येतो तोही असाच: ‘डॉक्टर, ताप आलाय, क्रोसिन किती देऊ?’ मी उलट विचारतो, बाटलीवर काय लिहिले आहे? मग पलीकडे शांतता पसरते आणि कोणीतरी बाटली शोधायला उठते. एकाच नावाचे औषध आपल्या बाजारात तीन-चार वेगवेगळ्या तीव्रतांत मिळते. साध्या पातळ औषधाच्या ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. ज्यावर ‘डीएस’ किंवा २५० असे लिहिलेले असते, त्याच्या ५ मिलीत २४० किंवा २५० मिलिग्रॅम असते. आणि तान्ह्या बाळांसाठी ड्रॉपर असलेली जी छोटी बाटली येते, तिच्या अवघ्या १ मिलीत बहुधा १०० मिलिग्रॅम असते. ही छोटी बाटली सर्वांत फसवी. बाळाचे औषध म्हणजे सौम्य औषध, असा आपला स्वाभाविक समज असतो. प्रत्यक्षात बाळाने थोडेसेच गिळावे लागावे म्हणून ते साध्या औषधाच्या चौपट तीव्र केलेले असते. मोठ्या भावंडाचे औषध संपले म्हणून बाळाच्या बाटलीतून टोपणभर ५ मिली ओतले, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची एक पूर्ण गोळी पोटात जाते.

म्हणून डोस मिलिग्रॅममध्ये ठरवायचा आणि मग हातातल्या बाटलीप्रमाणे त्याचे मिली करायचे. हे अवघड वाटत असेल तर एक सोपा आडाखा सांगतो. १२० किंवा १२५ ची बाटली असेल तर मुलाचे वजन जितके किलो, त्याच्या निम्मे मिली. २४० किंवा २५० ची असेल तर वजनाच्या पाव. आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर वजनाचा आठवा भाग. तुमच्या मुलासाठी ही मापे अनुक्रमे साडेपाच, पावणेतीन आणि सुमारे १.४ मिली अशी येतात. या आडाख्याने दर किलोमागे साधारण साडेबारा मिलिग्रॅम पडतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुरक्षित अंतर राहते. यकृताचा विकार असलेल्या किंवा फार कुपोषित मुलांना मात्र हा हिशेब लावू नये. त्यांचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. खोक्यावर वयानुसार छापलेला तक्ता केवळ अंदाजासाठी असतो. एकाच इमारतीतल्या दोन वर्षांच्या दोन मुलांच्या वजनांत तीन-चार किलोंचा फरक मी रोज पाहतो. घरी मोठ्यांचा वजनकाटा असेल तर मुलाला कडेवर घेऊन वजन करावे आणि त्यातून स्वतःचे वजा करावे. एवढ्या कामापुरते ते चालते.

मापण्याच्या साधनाविषयीही बोलले पाहिजे. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे. एकाच डब्यातल्या दोन चमच्यांत दुपटीचा फरक निघू शकतो. तुम्ही टोपण वापरलेत हे योग्यच केलेत, पण पावणेतीन मिलीची रेघ टोपणावर नसते. त्यासाठी मेडिकलमध्ये सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज मागून घ्यावी. तिच्यावरच्या बारीक खुणांमुळे माप अचूक येते, आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडता येत असल्यामुळे मूल ते थुंकतही नाही. ओतण्यापूर्वी बाटली नीट हलवावी, कारण यातले बरेच औषध तळाशी बसते. न हलवता दिले तर पहिले डोस फिके आणि शेवटचे कडक होतात. मोठ्यांच्या गोळ्या मोडून मुलांना देण्याच्या फंदात पडू नये. आजकाल घरोघरी ६५० ची गोळी असते आणि तिचा अर्धा तुकडाही ३२५ मिलिग्रॅमचा, म्हणजे तुमच्या मुलाच्या डोसाच्या दुप्पट भरतो.

आता कपाटातल्या सर्दीच्या बाटलीविषयी. त्या रात्रीच्या सगळ्या प्रकारात मला खरी चिंता वाटते ती तिची. अशा औषधांत पॅरासिटामॉलबरोबर वाहते नाक थांबवणारे क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन ही द्रव्ये असतात. मुखपृष्ठावर ‘कोल्ड’ एवढेच ठळक असते आणि पॅरासिटामॉलचे नाव मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत. तापाचे औषध दिलेच आहे, शिवाय सर्दीचे दिले, असे आईला वाटते. प्रत्यक्षात तिने तेच औषध पुन्हा दिलेले असते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या दूषित औषधाने मुले दगावली, त्या वेळी केंद्राच्या आरोग्य यंत्रणेने २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि ५ वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे कळवले. चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब पुरतात. ती बाटली टाकून द्या. एक वर्ष उघडी राहिलेली बाटली तशीही ठेवण्याजोगी नसते.

मोठा डोस कधीतरी चुकून गेला, तर काय करायचे तेही सांगतो, कारण पॅरासिटामॉलची विषबाधा कपटी असते. पोटात गेलेल्या औषधाचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. एका लहान हिश्शापासून मात्र एक घातक द्रव्य तयार होते, आणि ते निकामी करण्यासाठी यकृत ग्लुटाथायोन नावाचा आपला साठा खर्च करते. साठा संपला की ते द्रव्य यकृताच्या पेशींवरच उलटते. तापात दोन-तीन दिवस नीट न जेवलेल्या मुलाचा हा साठा आधीच रोडावलेला असतो, म्हणून एका रात्रीच्या चुकीपेक्षा तीच चूक सलग तीन दिवस, दर चार तासांनी होत राहणे अधिक धोक्याचे. पहिल्या दिवशी मूल अगदी ठीक दिसू शकते, आणि तेवढ्यानेच घरचे निर्धास्त होतात. तेव्हा मुलाने बाटली तोंडाला लावून प्यायली असेल, किंवा मोठा डोस गेल्याची शंका असेल, तर लक्षणांची वाट न पाहता, घरी मीठपाणी पाजून उलटी न काढता, बाटली बरोबर घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जावे. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करावा. यावर ॲसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे, आणि औषध पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत तो सुरू झाला तर सर्वांत उपयोगी पडतो.

शेजारच्या वहिनींचा सल्ला मात्र मी मोडीत काढणार आहे. आलटून-पालटून द्यायचे दुसरे औषध म्हणजे बहुधा आयबुप्रोफेन, किंवा मग मेफेनॅमिक ॲसिड. पॅरासिटामॉल चार ते सहा तासांनी आणि आयबुप्रोफेन सहा ते आठ तासांनी, असे दोन वेगळे घड्याळांचे काटे झोपमोड झालेल्या घरात सांभाळले जात नाहीत. त्यात अनेक बाटल्यांत ही दोन्ही औषधे एकत्रच असतात, त्यामुळे आलटताना पालटायचे राहूनच जाते. दुसरे कारण आपल्या शहराचे आहे. पावसाळ्यातल्या मुंबईत ताप आला की डेंग्यू मनात धरावाच लागतो, आणि डेंग्यूत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड व ॲस्पिरिन यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर तापातल्या मुलांना एरवीही देऊ नये; त्याने मेंदू आणि यकृत यांना ग्रासणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. मेफेनॅमिक ॲसिडच्या एका गंभीर प्रतिक्रियेबाबत २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगानेही सावध केले आहे. आणि कोणाच्या घरी निमेसुलाइडची बाटली किंवा गोळी असेल, तर १२ वर्षांखालील मुलांसाठी तिच्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. डॉक्टरांनी मुलाला तपासून दुसरे औषध लिहून दिले तर गोष्ट वेगळी.

सासूबाईंची भीती समजून घेण्यासारखी आहे. आकडी पाहिलेल्या माणसाला ती जन्मभर आठवते. पण ताप डोक्यात जात नाही, आणि औषधाने ताप उतरवल्यामुळे तापातली आकडी टळते असे आढळलेले नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना अशी आकडी येते, ती बहुधा ताप झपाट्याने चढताना, कधीकधी घरात कोणाला ताप कळण्यापूर्वीच येते, आणि सामान्यतः तिने मेंदूला इजा होत नाही. आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात बोट किंवा चमचा घालू नये, कांदा आणि चप्पल हुंगवण्याचा नाद सोडावा. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक रुग्णालय गाठावे, आणि पहिलीच आकडी असेल तर थांबल्यानंतरही डॉक्टरांना दाखवावे.

ताप म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक. औषध द्यायचे ते त्या आकड्यासाठी नव्हे, मुलाला बरे वाटावे यासाठी. १०१ ताप असूनही मूल खेळत, पाणी पीत असेल तर औषध न देता थांबता येते, आणि शांत झोपलेल्या मुलाला डोससाठी उठवण्याचे कारण नाही. दिलेल्या औषधाला निदान अर्धा ते एक तास द्यावा लागतो, आणि त्यानंतरही ताप एखाद-दोन अंशच उतरेल, तो ९८.६ वर आला नाही म्हणून पुढचा डोस वेळेआधी द्यायचा नसतो. डोसानंतर पंधरा-वीस मिनिटांत सगळे औषध उलटून पडले तर एकदा पुन्हा देता येते. अर्धा तास उलटून गेला असेल तर देऊ नये. अंग पुसायचे असेल तर साध्या किंवा कोमट पाण्याने पुसावे. बर्फाने हुडहुडी भरते आणि ताप आणखी चढतो. कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवण्याची आपल्या आज्यांची पद्धत होती, ती मुलांसाठी नको. त्यातले अल्कोहोल त्वचेतून आणि श्वासातून आत जाते.

औषध देत बसण्याची नव्हे तर उठून जाण्याची वेळ कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ झाला की घरी काहीही न देता त्याच दिवशी दाखवावे. त्याहून मोठे मूल मलूल पडले, पाणी पीत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, श्वास जोराने चालत असेल, मान ताठ झाली किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके आले, तर आकडा कितीही असो, थांबू नये. पावसाळ्यात तिसऱ्या दिवशीही ताप टिकून असेल तर रक्त तपासावे. महापालिकेच्या दवाखान्यात मलेरियाची तपासणी मोफत होते. आणि डेंग्यूचा खरा धोका ताप उतरल्यावर, तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान असतो. ताप गेला पण पोट दुखते, सारख्या उलट्या होतात, हिरड्यांतून रक्त येते, हातपाय गार पडतात, असे दिसले तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. ‘तुम्ही न विचारता औषध का दिलेत?’ असे त्यांना विचारू नका. त्यांनी दिलेला डोस योग्य होता, हेच त्यांना प्रथम सांगा. मग तापाच्या औषधाची एकच बाटली घरात ठेवा, तिच्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत ‘एका वेळी इतके मिली’ असे लिहा, आणि फ्रिजच्या दारावर एक कागद लावून पेन दोरीने बांधून ठेवा. जो औषध देईल त्याने औषध देण्यापूर्वी त्या कागदावर तारीख, वेळ, मिली आणि थर्मामीटरचा आकडा लिहायचा. ज्याला द्यायचे वाटेल त्याने आधी कागद पाहायचा. सासूबाईंना बारीक अक्षरे दिसत नसतील तर सिरिंजवर त्या मापाशी मार्करने रेघ ओढून द्या. मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी घ्या आणि ते बदलले की चिकटपट्टीवरचा आकडा बदला. नवी बाटली आणली की यजमानांनी ती पिशवीतून काढताच पहिल्यांदा जुन्या बाटलीशेजारी ठेवून दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचावेत, आणि आकडे वेगळे असतील तर दुसऱ्या दिवशी ती दुकानात परत करून पहिल्यासारखीच मागून आणावी.